हार्पर्स शेल्फवर दिलेला शब्द

२० जून २०२१, रविवार

सकाळी सहाला घरून, क्रेगीबर्नहून, निघालो, संध्याकाळी साडेचारला इथे पोचलो. रस्ता मोकळा होता. वाटेत दोनदा थांबलो, एकदा पेट्रोलसाठी आणि एकदा उगाच.

जागा छान आहे. वॉलॉंगॉंग शहराच्या पाठीमागे जो उंच डोंगरकडा आहे, त्याच्यावर कॅल्डर्स गली नावाचं राखीव जंगल आहे. फाटकातून आत दोनशे मीटरवर हे घर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पूर्वेला व्हरांडा. व्हरांड्यातून खाली समुद्र दिसतो आणि पोर्ट केंब्लाच्या स्टील प्लांटची धुराडी दिसतात. फोनला रेंज फक्त व्हरांड्याच्या उजव्या कोपऱ्यात येते.

ब्रॉनविन नावाची रेंजर किल्ल्या घेऊन थांबली होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. हीटर लहरी आहे, लाथ मारली की चालतो, पण लाथ प्रेमाने मारायची, असं म्हणाली. जळवांसाठी खिशात मीठ ठेव म्हणाली. घरी कोण कोण असतं, असं तिने विचारलं. बायको चित्रा एप्रिलमध्ये गेली, सात वर्षांची मुलगी शालू पुण्यात मावशीकडे अडकली आहे, असं मी सांगितलं. त्यानंतर माझ्या गाडीतलं सगळं सामान तिने एकटीने आत नेऊन ठेवलं. मला हात लावू दिला नाही.

काम सहा-सात आठवड्यांचं आहे. मार्चच्या पुरात इथल्या पायवाटांचं बरंच नुकसान झालं. धबधबे, गुहा, मोठी झाडं, कड्यावरच्या बघायच्या जागा, सगळीकडे चालत जायचं आणि कुठली पायरी तुटली, कुठला कठडा हलतो, कुठली पाटी वाहून गेली, याची नोंद करायची. मी सर्व्हेयर आहे, त्यामुळे कामाची काळजी नाही. क्रेगीबर्नच्या घरात अलीकडे बसवत नव्हतं. इथे आल्यावर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२३ जून, बुधवार

तीन दिवसांत दक्षिणेकडच्या वाटा झाल्या. दुहेरी धबधबा, वेलींनी वेढलेलं वडासारखं प्रचंड झाड, पावसाचं पाणी खाऊन पोखरलेला वाळूचा दगड. जंगल घनदाट आणि ओलं आहे. एका जातीच्या झाडाच्या पानाला नुसता हात लागला तरी महिनाभर आग होते म्हणे. ब्रॉनविनने मला ते लांबून दाखवलं.

सगळ्यांत आवडलेली जागा म्हणजे हार्पर्स शेल्फ. ओढ्याच्या वर बाहेर आलेला सपाट खडक, साधारण एका खोलीएवढा. तिन्ही बाजूंना झाडी आणि पुढे मोकळी दरी. दुपारचा डबा तिथे खाल्ला. चित्राचे व्हॉइस मेसेज ऐकले. हॉस्पिटलमधून तिने पाठवलेले सात आहेत. शेवटचा सर्वांत लहान आहे. ‘मी ठीक आहे. शालू जेवली, नीलाताईने सांगितलं. तू झोप आता.’ तो दहा-बारा वेळा ऐकला असेल.

परत येताना लायरबर्ड दिसला. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, शेपूट मात्र मोठी आणि झालरीची. हा ऐकलेला कुठलाही आवाज काढून दाखवतो. आज त्याने करवतीचा आवाज काढला, मग कॅमेऱ्याचा. ब्रॉनविन म्हणाली की पूर्वी इथला एक लायरबर्ड तिच्या नवऱ्यासारखा खोकायचा. नवरा सोडून गेला, खोकला दोन वर्षं टिकला. हे सांगून ती स्वतःच मोठ्याने हसली. मलाही हसू आलं.

२६ जून, शनिवार

आज संध्याकाळपासून लॉकडाऊन. सिडनीबरोबर वॉलॉंगॉंगही त्यात आहे. ब्रॉनविन लांब राहते, तिला आता इथे येता येणार नाही. फोन करत जाईन म्हणाली. कार पार्क रिकामा आहे. जंगलात मी एकटाच.

उद्याच्या विधीची तयारी केली. इथे एकदा लिहून ठेवतो. चित्राची आई आजारी होती म्हणून ती परवानगी काढून फेब्रुवारीत शालूला घेऊन पुण्याला गेली. एप्रिलमध्ये त्या घरातल्या सगळ्यांनाच कोविड झाला. चित्रा २९ तारखेला गेली. मला इथून निघता आलं नाही. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. दहावा-तेरावा कोणी केलाच नाही. करायला उठून बसू शकेल असं कोणी नव्हतं.

नीलाताई, म्हणजे चित्राची मोठी बहीण, तिच्या गुरुजींशी माझं फोनवर बोलणं झालं. उद्या तिथी आहे. ते म्हणाले, वाहत्या पाण्याजवळ पिंड ठेवा आणि लांब उभे राहा. कावळा शिवला की झालं. नाही शिवला तर तिची जी इच्छा राहिली असेल ती पूर्ण करीन, असा शब्द मोठ्याने द्या. तरीही नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायचा आणि मागे न बघता निघून यायचं. दर्भ मिळाला नाही तर कुठलंही लांब गवत चालेल.

२७ जून, रविवार

सकाळी भात केला, काळे तीळ घालून पिंड केला. साडेनऊला हार्पर्स शेल्फवर पोचलो. पिंड खडकाच्या टोकाला केळीच्या पानावर ठेवला. पान इंडियन ग्रोसरीतून फ्रोझन आणलं होतं.

कावळे होते. समोरच्या निलगिरीवर पाच मोजले. एकही खाली आला नाही. अडीच तास उभा होतो.

मी बोलायला लागलो. तिच्या आईकडे बघीन म्हणालो. शालूला ओरडणार नाही म्हणालो. तिचे सगळे दागिने शालूसाठी ठेवीन म्हणालो. काही झालं नाही. कावळे उडून गेले. तेव्हा मला राहवलं नाही. चित्राला शेवटी शालूला बघायचं होतं आणि हॉस्पिटलने बघू दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हणालो की शालू इथे आली की मी स्वतः तिचा हात धरून तिला या खडकावर घेऊन येईन आणि तुझ्यासमोर उभी करीन. तीनदा म्हणालो.

डोळे पुसायला मान खाली घातली, तेवढंच. वर बघितलं तर पान रिकामं होतं. पंखांचा आवाज आला नाही. पानावर एक शीतही उरलं नव्हतं.

मी खडकावर बसून खूप रडलो. नंतर हलकं वाटलं.

गुरुजींना फोन केला. कावळाच शिवला ना, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो. एवढ्या लांबून त्यांना कशाला शंका आणायची. उत्तम झालं, आता त्या जागी परत जाऊ नका, असं ते म्हणाले. पण उत्तरेकडच्या सगळ्या वाटा तिथूनच जातात.

२ जुलै, शुक्रवार

आज शेल्फच्या खालच्या पायऱ्या मोजत होतो. झाडीतून लायरबर्डची करवत ऐकू आली, मग एक शीळ, मग चित्राचा आवाज. ‘तू झोप आता.’

मी पायरीवरच बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी तो मेसेज इथे बसून किती वेळा लावला होता. पक्षी शिकला. संध्याकाळी ब्रॉनविनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, दहा दिवसांत मराठी शिकला म्हणजे तो माझ्यापेक्षा हुशार आहे, मला तुझं नावसुद्धा धड येत नाही. जंगलातले लायरबर्ड सहसा माणसासारखं बोलत नाहीत, पण कोणी सांगावं, असंही म्हणाली.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला आहे. उद्या कामाआधी तिकडे जाईन.

५ जुलै, सोमवार

आजची सर्वांत मोठी बातमी. शालूला विमानात जागा मिळाली. लहान मुलांना एकटं पाठवत नाहीत, म्हणून देवयानी तिला घेऊन येणार आहे. देवयानी चित्राची कॉलेजपासूनची मैत्रीण. वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तीही मार्चपासून पुण्यात अडकली होती. १५ तारखेला निघायचं, मग डार्विनला चौदा दिवस क्वारंटाइन, मग इथे.

शालूशी व्हिडिओवर बोललो. ती इंग्लिशमध्येच बोलते. माझी दाढी बघून म्हणाली, ‘Baba, you look like a coconut.’ कांगारू घरात येतात का, असं विचारलं. कांगारू नाहीत, पण एक पक्षी आहे जो आईसारखा बोलतो, असं सांगणार होतो. सांगितलं नाही.

दुपारी शेल्फवर जाऊन बातमी मोठ्याने सांगितली. वेडेपणा आहे, पण कोण बघतंय. मग झाडीतून, अगदी तिच्या आवाजात, एकच शब्द आला.

‘कधी?’

७ जुलै, बुधवार

काल रात्री सातही मेसेज कागदावर उतरवून काढले. शब्दन् शब्द. ‘कधी’ कुठेच नाही.

जुन्या फोनमधलेही बघितले. तिथे दोनदा आहे, पण तो फोन मी क्रेगीबर्नहून आल्यापासून कालपर्यंत बॅगेतून काढलाच नव्हता.

आज तीन वेळा ऐकू आलं. ‘शालू कधी?’ मग ‘कधी आणतोस?’ ती अशी रोखून कधीच विचारत नसे. चित्रा काहीही विचारायचं असलं की आधी दुसरंच काहीतरी बोलायची.

९ जुलै, शुक्रवार

सकाळी अकराला धबधब्याच्या वाटेवर लायरबर्ड दिसला. माझ्यापासून तीन-चार मीटरवर पाचोळा उकरत होता. मी थांबलो, तोही थांबला. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. चोच मिटलेली.

‘कधी आणतोस?’

आवाज माझ्या पाठीमागून आला. खांद्याच्या उंचीवरून.

पक्षी पळून गेला. मी मागे बघितलं. वाट होती, वेली होत्या. पाचोळ्यावर एक ओलसर पट्टा होता, कोणी ओलं कापड ओढत नेल्यासारखा. तो माझ्या टाचांपर्यंत आला होता.

१३ जुलै, मंगळवार

चार दिवस घराबाहेर पडलो नाही. ब्रॉनविनला पाठ दुखते असं सांगितलं.

आज गुरुजींना फोन करून खरं सांगितलं. कावळा शिवला नव्हता, पिंड कोणी नेला ते मी बघितलं नाही, दर्भाचा कावळा केला नाही. मग त्यांनी विचारलं, शब्द काय दिला होता. सांगितला.

म्हणाले, तुमच्या पत्नीला द्यायचा घास दुसऱ्याच कोणीतरी घेतला. ज्याने घास घेतला त्यानेच शब्दही घेतला. तो आता मागे घेता येणार नाही. मुलीचा हात धरून तिला न्यायचं तुम्ही कबूल केलंत, म्हणजे ते काम तुमच्याच हातून करून घेतलं जाईल. तुम्ही आणि मुलगी एका जागी येऊ नका. वर्षश्राद्ध होईपर्यंत टाळा. वर्ष झालं की हा शब्द सुटेल.

वर्षश्राद्ध एप्रिलमध्ये. नऊ महिने.

मी विचारलं, कावळा शिवला नाही हे तेव्हाच सांगितलं असतं तर? ते म्हणाले, तर मी तुम्हाला गवताच्या चार काड्या घ्यायला सांगितल्या असत्या.

१८ जुलै, रविवार

शालू परवाच डार्विनला पोचली. मला तिला पाठवू नका म्हणायचं होतं, पण काय कारण सांगणार. नीलाताई आजारातून अजून उठलेली नाही, तिच्याकडेही शालूला ठेवता येत नव्हतं.

व्हरांड्याच्या कोपऱ्यातून व्हिडिओ कॉल केला. क्वारंटाइनमधली खोली तिने फिरवून दाखवली. खूप उकडतं आणि जेवणात रोज पास्ता असतो, म्हणाली. देवयानी मागून म्हणाली की काल इडली मिळाली तेव्हा हीच नाक मुरडत होती, बापावर गेलीय. मी हसलो. तेवढ्यात शालू बोलता बोलता थांबली. माझ्या खांद्यामागे बघायला लागली.

‘Aai?’

मी मागे बघितलं नाही. फोन बंद केला. बंद केल्यावर तिचा आवाज पुन्हा आला, ‘Aai?’ फोन तर बंद होता. आवाज कठड्याच्या खालून आला होता. हुबेहूब शालूचा.

२२ जुलै, गुरुवार

सकाळी गाडी काढली. खाली पोर्ट केंब्लाच्या किनाऱ्यावर गेलो. घरापासून जितकं लांब जायची परवानगी आहे तितक्यात तेच बसतं. वारा जोराचा, समुद्रपक्षी ओरडत होते, एक बाई मास्क लावून कुत्रा फिरवत होती. काच खाली केली. बरं वाटत होतं. म्हणजे ते जंगलापुरतंच आहे, मी इथे खाली खोली घेईन, शालूला इथेच —

मागच्या सीटवरून. ‘कधी?’

सीट ओली झाली होती. परत आलो. आता कुठे गेलो तरी तेच.

२५ जुलै, रविवार

देवयानीला खोटं सांगितलं. मला कोविड झाला आहे, लक्षणं सौम्य आहेत, इथेच विलगीकरणात राहतो, शालूला तुझ्या घरी ठेवून घे. ती नर्स आहे, तिने शंभर प्रश्न विचारले. टेस्ट कुठे केलीस, ऑक्सिजन किती, मोजायचं यंत्र आहे का. मी सगळ्याची उत्तरं दिली. एवढं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

मग शालू फोनवर आली. रडत नव्हती. ‘Aai also said she was fine,’ म्हणाली.



३१ जुलै, शनिवार

दोघी वॉलॉंगॉंगला पोचल्या. देवयानीचं घर इथून वीस मिनिटांवर आहे. व्हरांड्यातून तो भाग दिसतो. रात्री दिवे दिसतात. त्यांतला कुठला तिचा ते कळत नाही.

वरण-भात फाटकापाशी आणून ठेवते म्हणाली. नको म्हणालो, आणि शालूला एप्रिलपर्यंत तुझ्याकडेच ठेव म्हणालो. मग चिडली. नऊ महिन्यांचं गरोदरपण असतं, कोविड नसतो, पोरीला तोंड दाखवायला तुला नेमकी कसली लाज वाटते, असं म्हणाली. तिचं बरोबर आहे.

शालूचा आवाज आता रोज येतो. व्हरांड्याखालून. ‘Baba, come.’ कधी चित्राचा, कधी तिचा. आज दोन्ही एकदम.

२ ऑगस्ट, सोमवार

पहाटे जाग आली तेव्हा मी हार्पर्स शेल्फवर उभा होतो. अनवाणी. कसा आलो आठवत नाही. तळव्यांना जळवा होत्या.

डावा हात बाजूला थोडा खाली धरलेला होता. मूठ अर्धी मिटलेली. सात वर्षांच्या मुलीचा हात धरल्यावर जेवढी उंची असते तेवढ्याच उंचीवर.

हात सरळ करायला फार वेळ लागला.

३ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळपासून खाली झाडीत माझाच आवाज. कामाच्या नोंदी मी फोनमध्ये बोलून ठेवतो, त्या. पायऱ्या चौदा, कठडा ठीक. पायऱ्या नऊ, कठडा हलतो. तेच खोकणं, तेच थांबणं. मग नोंदीत नसलेलं.

‘देवयानी, मी बोलतोय.’

पुन्हा पुन्हा. सराव केल्यासारखं —

४ ऑगस्ट, बुधवार

सव्वासात. फोन व्हरांड्याच्या कोपऱ्यात राहिला होता. यादीत ६.४० ला देवयानीला केलेला कॉल आहे. चार मिनिटं. मी केलेला नाही. कामावर हातात मोजे असतात म्हणून फोन नुसतं नाव घेतलं की लागतो, ती सोय मीच करून ठेवली होती.

लगेच तिला लावला. गाडीतून बोलली. मी म्हणालो, येऊ नकोस. ती म्हणाली, अरे, मघाशी तूच ढसाढसा रडत होतास, शालूला घेऊन ये म्हणून, आता नको? ताप डोक्यात गेलाय तुझ्या. गप पडून राहा, घाटात आहे, पोचतेच. मी ओरडून सांगत होतो. रेंज गेली तिची.

गाडी काढून पळालो तर तीच एक वाट. समोरासमोर येऊ.

दार लावलं. आतून किल्ली फिरवली. किल्ली फळ्यांच्या फटीतून जमिनीखाली टाकली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत.

७.३५. गाडीचा आवाज. दारं लागली, एक, दोन. देवयानी दार वाजवते आहे. मी उत्तर दिलं नाही. तो आवाज काढू शकतं ते. सगळे आवाज काढू शकतं.

शालू दाराला तोंड लावून बोलली. ‘Baba, open. I need to pee.’

हे फोनवर ती कधीच बोलली नव्हती. ऐकून आवाज काढणारं ते हे शिकणार कुठून. तीच आहे.

ती दाराच्या पलीकडे आहे. एका फळीच्या अंतरावर.

मी आतून ओरडलो, जा. गाडीत बसा आणि जा. शालू रडायला लागली. देवयानीने शिव्या घातल्या, मास्क लावलाय आम्ही, दार उघड, तुझी अवस्था ऐकूनच कळते आहे. तिच्या फोनला इथे रेंज नाही. फाटकापर्यंत चालत जाऊन अँब्युलन्सला फोन करते, तू पायरीवर बस, हलू नकोस, असं तिने शालूला सांगितलं. मी सांगत होतो, तिला बरोबर ने, तिला घेऊन जा. माझ्याच आवाजात बाहेरून कोणीतरी म्हणालं, बरं, जा तू.

देवयानी गेली. पावलं ऐकू आली.

हात गुंतलेले राहावेत म्हणून लिहितो आहे. लिहितोय तोपर्यंत हात माझा —

शालू पायरीवर बसून नाक ओढते आहे. मी सांगतो आहे, शालू, देवयानीमावशीच्या मागे पळ. बाबा सांगतोय ना. ती म्हणते, ‘Which Baba?’

चित्राच्या आवाजात तिला कोणीतरी गाणं —

किल्ली नसताना कुलूप फिरलं, दाराची कडी खाली पडली. मी उठलो नव्हतो. दार बोटभर उघडलं आहे. उजेड आत —

शालूची सावली. ती आत येत नाहीये. वाट बघते आहे.

उजव्या हाताने लिहितो आहे. डाव्या हाताने खुर्चीखालून बूट ओढले. मी नाही ओढले. पण ओढले.

देवयानी, लवकर — 

डावा पाय गेला बुटात. उजवाही. आता नाड्या. त्याला दोन्ही हात लाग